बायबलबाई आणि लिंबात खोचलेलं बोट

बायबलबाईंच्या हातात कायम तुरीची एक वाळकी काडी असायची, आणि ती कुणाला मारण्यासाठी नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. दोन वर्षं मी रोज सकाळी पाठ आखडून बसले. काडी जरा हलली की मी डोळे मिटून घ्यायची. बाई ती काडी ओळीखाली ठेवायच्या आणि एकेक शब्द उचलत वाचायच्या, एवढंच तिचं काम. तिशीत अक्षरं शिकलेल्या त्या, नजर ओळीवरून घसरायची. बोर्डिंगातल्या सगळ्या मुलींना हे ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मला भ्यालेलं बघण्यात त्यांची सकाळ छान जायची. आज नातवंडं म्हणतात, आजी कुणालाच भीत नाही. त्यांनी मला तेव्हा पाहिलेलं नाही.

वडील मैंदर्गीला मिशनच्या शाळेत मास्तर होते. आई गेली आणि त्यांनी आम्हा दोघी बहिणींना सोलापूरच्या मुलींच्या बोर्डिंगात आणून ठेवलं. मी तेव्हा आठ वर्षांची, यमू चारची. जाताना ते मला म्हणाले, “कमळे, यमूकडं बघ.” त्यांनी सहज म्हटलं असेल. मी ते असं धरून बसले, की यमूला ठेच लागली तरी अपराध माझा. यमू मला अक्का म्हणायची आणि कुणालाही भीत नव्हती. भिण्याचं घरातलं सगळं काम माझ्याकडं होतं.

बाई मूळच्या माढ्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नवरा वारल्यावर मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायला आल्या, आणि तिथल्या लहान पोरांत बसून वाचायला शिकल्या. पुढं मिशननं त्यांना बायबलबाई नेमलं. दुपारी खांद्याला पिशवी अडकवून त्या पेठांतून घरोघर फिरत, बायकांना दोन ओळी वाचून दाखवत. कुणी बसायला पोतं टाकी, कुणी दारातूनच वाटेला लावी. सकाळ मात्र आमची. घंटा झाली की आम्ही व्हरांड्यात ओळीनं बसायचो. बाई काडी वर करून विचारायच्या, “काल कुटं हुतो आपुन?” जिथं होतो तिथून पुढं एक अध्याय. ना मागं, ना आडवाटेला.

वाचून झालं की मी मान खाली घालून बसायची, कारण मग मनन. बोर्डिंग चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या भाषेत मनन. बायबलबाई आपल्या एकेकीकडं बघून विचारायच्या, “तुला काय घावलं गं?” मला काहीच सापडलेलं नसायचं. मी मोठ्या मुलींकडून एक उत्तर उसनं घेतलं होतं, “मी पापी आहे हे मला समजलं.” ते कुठल्याही अध्यायाला बसायचं. महिनाभर मी तेच दिलं. एक दिवस बाईंनी काडी खाली ठेवली.

“कमळे, रोज रोज पापी? काल तर दिवसभर तापानं पडलीवतीस की. पाप कवा केलंस?”

पोरी फिदीफिदी हसल्या. मी रडायच्या बेतात.

“घावलं न्हाय तर न्हाय म्हनावं,” बाई म्हणाल्या. “मला बी रोज घावत न्हाय. तरी वाचायचं. मेंढरू रोज काय पिल्लू देतंय व्हय?”

कंटाळवाणे अध्याय आले की बाई अजून हळू वाचायच्या. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, अशा नावांच्या याद्या पानच्या पानं चालत. शाळेतल्या पंतोजींनीसुद्धा त्या कधी वाचून दाखवल्या नाहीत. एकदा मोठ्या वर्गातल्या एकीनं विचारलं, “बाई, ही नावं सोडून दिली तर?” बाई म्हणाल्या, “सांजचं मेंढरं वाघरीत घेताना लंगडं म्हनून एखादं भायेर ठेवतो का आमी? ही बी कुनाची तरी लेकरंच हायेत की.” जाळीच्या त्या कुंपणाची, वाघरीची, आम्हाला माहिती नव्हती, पण सगळी नावं आत घेतल्याशिवाय न्याहारी मिळणार नाही एवढं कळलं.

देवासाठी उभारायच्या तंबूची मापं आली तेव्हा तर त्यांनी आम्हाला अंगणात नेलं. एवढे हात लांब, एवढे हात रुंद. बाईंनी जमिनीवर कोपर टेकवलं आणि बोटांच्या टोकापर्यंत हात मोजून दाखवला. मग आम्ही सगळ्या रांगत रांगत कोपरानं अंगण मोजलं. माझा हात आखूड, म्हणून माझी बाजू अपुरी पडली आणि तंबू एका अंगानं तिरपा झाला. मी भीतीनं गार पडले. बाई त्या वाकड्या रेघेकडं बघून म्हणाल्या, “असू दे, देव हिकडून वाकून ईल.”

त्यांना राग येई तो एकाच गोष्टीचा. आम्ही मुली विहिरीमागं जाऊन कौल काढायचो. प्रश्न मनात धरायचा, डोळे मिटायचे, पुस्तक उघडायचं, बोट टाकायचं. बोटाखाली येईल ती ओळ म्हणजे उत्तर. परीक्षेत पास होईन का, घरचं पत्र येईल का, माझी रिबीन कुणी घेतली. बाईंना हे कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. “मंगळवारच्या बाजारात पोपटवाला बसतो बगा. पोपट भायेर येतो, चिठ्ठी काढतो, आत जातो. तुमी पोपट हाय का? चिठ्ठ्या हैत का हितं?” आम्ही सगळ्यांनी पुन्हा करणार नाही अशी शपथ घेतली. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी दहाची झाले त्या वर्षी गावात उंदीर पडू लागले. आधी गोदामाजवळ, मग पेठेत, मग एक दिवस आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. प्लेग हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं, पण लोक गाड्या भरून गावाबाहेर निघाले होते. आमचं बोर्डिंगही उठलं. माळावर बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या घातल्या होत्या, तिथं आम्हाला नेलं. थोड्या अंतरावर आणखी दोन झोपड्या, आणि त्यांच्याभोवती चुन्याची पांढरी रेघ. रेघेच्या आत आजारी माणसं. आत गेलेल्यानं बरं झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही, बाहेरच्यानं आत जायचं नाही. मला भुतांची भीती वाटायची, कुत्र्यांची वाटायची, गणिताची वाटायची. पण ती रेघ बघितल्यापासून मी यमूचा हात सोडेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी यमू उठली नाही. अंग भाजत होतं. नर्सबाईंनी तिचा हात वर केला, काखेतली गाठ बघितली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “हिला आत न्या.” दोन बायकांनी तिला घोंगडीत घातलं. ती मला म्हणाली, “अक्का, माझी बाहुली दे.” मी दिली नाही. मला वाटलं, बाहुली दिली म्हणजे ती जातेय हे मी कबूल केलं. असला शहाणपणा माझ्याकडं पोत्यानं होता.

मग मी ते केलं. बोर्डिंगचं पुस्तक घेतलं, बाभळीच्या मागं गेले, डोळे मिटून विचारलं, “यमूचं काय होणार?” आणि उजव्या हाताचं पहिलं बोट टाकलं. डोळे उघडले तर एका राजाची गोष्ट. राजाचं तान्हं मूल आजारी आहे, राजा उपाशी जमिनीवर पडून आहे, आणि माझ्या बोटाखाली नेमकं, चाकर आपसांत कुजबुजताहेत की मूल गेलं, हे राजाला सांगायचं कुणी.

मी पुस्तक मिटलं. मला काय वाटलं ते आज सांगताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. मला वाटलं, मी विचारलं म्हणून उत्तर आलं. विचारलंच नसतं तर देवाला ठरवावं लागलं नसतं. यमूला मीच मारलं, या बोटानं.

मी बोटाला चिंधी गुंडाळली. त्या बोटानं मी जेवेना, कुणाला शिवेना. मुलींनी विचारलं तर म्हटलं, नखुरडं झालंय. मेट्रनबाईंनी ऐकलं आणि त्या माउलीनं एक लिंबू आणलं, टोक कापलं, आणि माझं धडधाकट बोट त्यात खोचून वरून दोरा बांधला. “ठणका उतरेल,” म्हणाल्या. बहीण रेघेआड मरणाच्या दारात, आणि मी माळावर लिंबू उगारून फिरतेय. रडले की ज्याला त्याला वाटे, नखुरडं फार दुखतंय. दोन मुलींनी तर माझं लिंबू बघून आपल्यालाही हवं म्हणून हट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. प्लेग असो, काही असो, अध्याय चुकणार नव्हता. “काल कुटं हुतो आपुन?” म्हणत त्यांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. “कमळे, पान काढ.”

“बोट दुखतंय.”

“डाव्या हातानं काढ.”

मला डाव्या हातानंही त्या पुस्तकाला शिवायचं नव्हतं. मी हात मागं घेतले. बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं, बाकीच्या मुलींना पाणी आणायला पिटाळलं, आणि दोरा सोडून लिंबू काढलं. लिंबाच्या रसानं पांढरं, सुरकुतलेलं, पण नुसतं बोट. सूज नाही, लाली नाही.

“ह्याला काय झालंय?”

मी सगळं सांगितलं. हुंदक्यांतून किती कळलं देव जाणे. मला वाटलं, आता ती काडी एकदाची तिचं खरं काम करणार. बाईंनी काडी उचलली आणि म्हणाल्या, “कुटलं पान? दाव.”

त्यांनी तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. हळू, एकेक शब्द. मला आशा वाटली की पुढं मूल उठून बसेल, म्हणून त्या वाचताहेत. नाही उठलं. राजा उठला, त्यानं अंघोळ केली, जेवला. संपलं.

“मेलंच की ते,” मी म्हणाले.

“व्हय. ते त्या राजाचं लेकरू हुतं. त्याच्या घरची बातमी ती. दुसऱ्याच्या घरची बातमी आपल्या घरात का आनतीस गं?”

“मग यमू?”

बाईंनी रेघेकडं बघितलं आणि पिशवी जवळ ओढली.

“तू बोटानं इचारलंस,” त्या म्हणाल्या. “मी जाऊन बगती.”

दुपारी त्या पिशवी घेऊन रेघेच्या आत गेल्या. आत दोन झोपड्यांना मिळून एकच नर्स होती, दुसरी आजारानं पडली होती. मोठ्या बाईंनी नको म्हटलं होतं, असं मागून कळलं. जाताना माझ्याजवळ थांबून एवढंच म्हणाल्या, “रोज घंटेला हितं रेघेपाशी यायचं. माज्याकडं माजं पुस्तक हाय, तू बोर्डिंगाचं आन. मी तितनं मोठ्यानं वाचीन, तू ओळीखाली बोट ठेवून बगायचं, चुकले तर सांगायचं. हेच बोट.”

असे आमचे दिवस सुरू झाले. वीस पावलांवर झोपडी, दारात पोत्यावर बाई, मध्ये चुन्याची रेघ, अलीकडं मी. वारं असलं की त्यांना ओरडून वाचावं लागे. लढाया चालल्या होत्या, कोण कुणावर चालून गेला, कुठल्या वेशीतून पळाला. माझं बोट ओळीखालून सरकायचं. शेवटी त्या ओरडून विचारायच्या, “काय घावलं?” मी ओरडायची, “न्हाय घावलं.”

“मला बी न्हाय. उद्या बगू.”

यमू कशी आहे, हे विचारायचं धाडस मला एकदाही झालं नाही. मी “उद्या बगू”वर जगत होते. बाई उद्या म्हणताहेत म्हणजे आज यमू आहे. तो शब्द घेऊन मी माघारी पळायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही, बोलण्यात तो सांडेल म्हणून. दुसऱ्या झोपडीतून एक दिवस दोन माणसांनी कुणाला तरी चटईत गुंडाळून नेलं. पाय मोठ्या माणसाचे होते. ते पाय मोठे आहेत म्हणून मी देवाचे आभार मानले, आणि मग त्याचीही भीती वाटली.

पाचव्या दिवशी बाईंनी अध्याय वाचला, पुस्तक मिटलं आणि आत गेल्या. काय घावलं, विचारलं नाही. उद्या बगू, म्हटलं नाही.

सहाव्या दिवशी घंटा झाली आणि दारात कुणी नव्हतं. पोतं तसंच पडलेलं. मी उभी राहिले. ऊन चढायला लागलं. मी हाक मारली नाही, पळूनही गेले नाही. आत जावं एवढी तर माझी मजल कधीच नव्हती. कुणी तरी बाहेर येऊन काही तरी सांगेल, आणि ते सांगण्याआधीचा हा जेवढा वेळ आहे तेवढाच माझ्या हातात आहे, असं वाटलं. तो कशानं तरी भरायला हवा होता. मी पुस्तक उघडलं. काल कुठं होतो ते मला ठाऊक होतं.

लढाया संपल्या होत्या आणि आता आली होती नावं. राजाच्या शूर शिपायांची यादी. असली नावं, की एकेकाला तीन तीनदा धडक मारावी लागे. मी बोट ठेवून, रडत, ओरडून ती वाचत गेले. एकही सोडलं नाही. काही दोनदा आली असतील. यादी संपली तरी दारात कुणी नाही. मी पुढचा अध्याय काढला.

तेव्हा बाई आल्या. दाराच्या खांबाला धरून, खाली बसतच आल्या म्हणा ना. हात ओले होते, केस सुटलेले.

“बास कर पोरी,” त्या म्हणाल्या. “गाठ फुटली रातच्याला. ताप उतरलाय. मघापासनं भात भात करतीया.”

मी खाली बसले. ऐन रेघेवर. माझ्या परकराला चुना लागला आणि त्यावरून पुढं मेट्रनबाईंनी मला धारेवर धरलं, पण ते नंतर.

“मग मघाशी का नाही आलात?” मी विचारलं. माझ्या आवाजात राग होता. बाईंशी मी पहिल्यांदा रागानं बोलले.

“आईकत हुते की. पर उठवंना. सहा दिस लई भ्याले गं मी. रोज हितं बसून वरडत हुते ते तुज्यासाठी न्हवं, माजं दात वाजत्यात ते कुनाला कळू नये म्हनून. पोर वाचली म्हनल्यावर माजं पायच गेलं.” मग त्या थोडं हसल्या. “त्या शिपायांची नावं काय वाचलीस गं. त्येंच्या आयांनी वळखली नसती.”

मला एकदम लई शूर झाल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, “म्हणजे माझा कौल खोटा होता.”

बाईंचं हसू गेलं. “आसं म्हनू नगं. पोर वाचली म्हनून तो खोटा झाला न्हाय. ती गेली असती तरी खोटाच हुता. ध्येनात ऱ्हाईल?”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर ते तेव्हा मला काडीइतकंही कळलं नव्हतं. आपली बहीण जिवंत आहे आणि तिला भात पाहिजे, यापलीकडं त्या दिवशी मला काही कळून घ्यायचंही नव्हतं. ते कळायला पुढं बरीच वर्षं लागली, आणि दोन वेळा असं झालं की आमच्या घरातलं माणूस वाचलं नाही. तेव्हा कळलं.

महिन्याभरानं यमू बाहेर आली. डोक्यावर वस्तऱ्यानं काढलेलं टक्कल, मान काडीसारखी, आणि आल्या आल्या मला म्हणाली, “बाहुली दिली न्हाईस की.”

मी चौदा वर्षांची असताना बाईंना केम गावाला पाठवायचं ठरलं. तिथल्या खेड्यांत फिरायला कुणी नव्हतं. मी आणि यमू त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो. बाई गाडीच्या खिडकीत बसल्या, पिशवी मांडीवर. मी मोठी झाले होते, म्हणून मोठ्या माणसासारखं काही तरी बोलावं म्हणून विचारलं, “बाई, तिकडं एकट्यानं भीती नाही वाटणार?”

“वाटंल की,” त्या म्हणाल्या. “तितं कोन वळखतंय मला. दारात उभं तरी करतील का न्हाय.” मग खिडकीतून हात काढून त्यांनी माझा खांदा दाबला. “उद्या पोरींफुडं तू बस. मी मोठ्या बाईंना सांगितलंय.”

मला नाही म्हणायला वेळ मिळाला नाही. गाडी सुटली. बाईंना मी पुन्हा पाहिलं नाही. तिकडंच त्या राहिल्या, आणि काही वर्षांनी तिकडंच गेल्या. पत्र आलं ते दुसऱ्या कुणाच्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. व्हरांड्यात मी बाईंच्या जागेवर बसले. समोर पोरी, लहान सगळ्यांत पुढं. दोघींनी पाठ आखडून धरलेली, एक डोळे मिटून बसलेली. माझ्याकडं बघून त्या भ्याल्या होत्या. मी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सगळ्या बघत राहिल्या.

दुसऱ्या रांगेतून यमूनं मान वर काढली.

“अक्का, भ्यालीस व्हय?”

“व्हय,” मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. डोळे मिटून बसलेल्या पोरीनं एक डोळा उघडला.

“मग वाच की,” यमू म्हणाली.